जित्या बारकूचा दहावा

बारकूच्या दहाव्याला नदीवर सगळ्यात आधी कोण पोचलं असेल, तर स्वतः बारकू.

अंघोळ करून, केस विंचरून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो पलीकडच्या काठावर करंजाखाली येऊन बसला होता. अलीकडच्या काठावर त्याचा धाकटा भाऊ जयराम तीन दगडांची चूल मांडत होता. त्या चुलीवर बारकूच्या नावाचा भात शिजायचा होता. लाकडं ओली निघाली. जयरामच्या डोळ्यांत धूर गेला, नाकातून पाणी आलं, पण जाळ काही धरेना.

"जयरामा," बारकू पलीकडून ओरडला, "खालनं सुकी गोवरी घाल रे. नुसत्या लाकडानं नाय पेटायचं."

जयराम मेलेल्या माणसाशी बोलत नव्हता. गोवरी मात्र त्यानं घातली, आणि जाळ धरला.

हे सगळं देवकी बघत होती. देवकी म्हणजे बारकूची बायको. ती अलीकडे बायकांच्या घोळक्यात डोक्यावरून पदर घेऊन बसली होती, कारण आज तिला विधवा करायचं ठरलं होतं. नवरा समोर बसून उकडलेल्या शेंगा सोलत होता. देवकीला हसूही येत होतं आणि रागही, आणि तोंडावर यातलं काय येऊ द्यावं हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं नेहमीचाच चेहरा केला, म्हणजे कुठलाच नाही. त्याची तिला सवय होती.

आता बारकूचं सांगायला हवं. म्हणजे जुन्या बारकूचं, ज्याचा हा दहावा होता.

शेणव्यापासून मुरबाडपर्यंत ज्याच्या हळदीला बारकू नाचला नाही, त्याचं लग्न नीट लागलं असं कोणी धरत नसे. भरलेली बाटली डोक्यावर उभी ठेवून तो ढोलाच्या तालावर असा घुमायचा की आतली दारू हलायची नाही. नंतर तीच बाटली तो अशी रिकामी करायचा की तळाला वासही उरायचा नाही. एका निवडणुकीत सकाळी एका उमेदवाराच्या टेम्पोवर आणि दुपारी दुसऱ्याच्या टेम्पोवर चढून त्यानं भाषण ठोकलं. भाषण तेच, नाव तेवढं बदललेलं. टाळ्या दोन्हीकडे पडल्या. एकदा तर स्वतःचं घर समजून तो शेजारच्या सरिताच्या घरात शिरला, पाटावर बसून पोटभर जेवला, आमटीत मीठ कमी म्हणून तिला चार शब्द सुनावले आणि तिच्या सासऱ्याच्या गोधडीत शिरून घोरू लागला. सरिताचा सासरा ही गोष्ट पुढं पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा. असा माणूस गावात एक तरी असावा, आणि तो दुसऱ्याच्या घरात असावा, असं प्रत्येकाला वाटतं.

देवकी त्या दुसऱ्याच्या घरात राहत होती.

हळदीचा ढोल थांबला की बारकू घरी यायचा. बाहेरचं सगळं हसू तो बाहेरच संपवून यायचा. घरी काय आणायचा ते देवकीच्या पाठीला माहीत, आणि मुलगा दीपेश लहान होता तेव्हा जिच्या मागं लपायचा त्या कणगीला माहीत. तांब्याचा हंडा गुत्त्यावर गेला, दीपेशच्या बारशाएवढ्या हौसेनं घेतलेली शेळी गेली, आणि एका लावणीच्या दिवसांत देवकीचा डावा हात गेला.

गेला म्हणजे तुटून पडला नाही. एका रात्री मनगटावर मुसळ बसलं. सिद्धगडाच्या अंगाला एक म्हातारा हाडं बसवतो, त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड सांधलं, पण वाकडं सांधलं. तळहात पुरता उताणा होत नाही, बोटं घट्ट मिटत नाहीत. लावणीला बाई डाव्या हातात रोपांची मूठ धरते आणि उजव्यानं चिखलात रोवते. देवकी त्या दिवसापासून मूठ कोपरात दाबून लावते, कंबरेत अर्धी वळून, आणि बाकीच्या बायकांच्या दोन हात मागं राहते. मनगटाचं हाड असं फुगलं की त्या हातात बांगडी चढत नाही. उजव्या हातात हिरव्या बांगड्या, डावा हात रिकामा. लोक बघतात, नजर वळवतात.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी बारकू उठला, डोकं धरून ओट्यावर बसला आणि बायकोचा सुजलेला हात बघून त्यानं विचारलं, "काय झालं गो?"

त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं. देवकीनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. सोंग नव्हतं ते. मग दारात पाण्याला आलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बांधावर पडली. पाय सटाकला."

बारकूला एवढा राग आला की तो फावडं घेऊन शेतावर गेला आणि त्यानं तो बांध खणून सपाट केला. "माझ्या बायकोला पाडतोस काय," असं बांधाला बजावत तो घाव घालत होता. सगळं गाव हसून लोळलं. त्या वर्षी वरच्या खाचराचं पाणी खालच्यात गेलं, भात बुडालं आणि बारकूच्या बायकोवरच्या प्रेमाची आणखी एक गोष्ट झाली.

हे सहा वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून देवकी एकाच गोष्टीची वाट बघत होती. बारकूला आठवावं. कोणी न सांगता, त्याचं त्यालाच. एका सकाळी त्यानं तिच्या हाताकडं बघावं आणि त्याचा चेहरा पडावा. बस, एवढंच. बाकी तिनं नवऱ्याकडून काही मागायचं सोडून दिलं होतं.

आणि मग बारकू मेला. म्हणजे त्याच्या म्हणण्याप्रमाणं तो आधीच मेलेला होता, हे त्याला कळलं.

झालं असं की कावीळ होऊन तो शहापूरला सरकारी दवाखान्यात पडला. शेजारच्या खाटेवर एका म्हाताऱ्याच्या उशाशी त्याचा मुलगा बसायचा, रितेश. मुरबाडच्या नाक्यावर त्याचं पंक्चरचं दुकान, आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी तो येशूची प्रार्थना घ्यायचा. आठवडाभर टायर आणि रविवारी माणसं. बारकूला आजवर सगळ्यांनी सांगितलं होतं की सुधर, शपथ घे, मनाला आवर घाल. रितेशनं निराळंच सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही आजारी नाही. तुम्ही आत मेलेले आहात. मेलेल्या माणसाला ऊठ, औषध घे म्हणून काय उपयोग? त्याला दुसऱ्या कोणीतरी उठवावं लागतं. ज्यानं स्वतः मरण भोगलं आणि मरणातनं उठला, तोच उठवेल. तुम्ही फक्त नाही म्हणू नका."

बारकूला आयुष्यात कष्ट कधी मानवले नव्हते. आपण काही करायचंच नाही, झालं ते फुकट घ्यायचं, हा हिशोब त्याला एकदम पटला, असं जयराम अजून दात खात सांगतो. पण देवकी तेव्हा खाटेच्या पायथ्याशी होती. तिनं बारकूला तोंडावर चादर घेऊन रडताना बघितलं. दारूतलं रडणं तिला ओळखीचं होतं, त्यात आवाज फार असतो. हे बिनआवाजाचं होतं.

सिद्धगडाखालच्या डोहात रितेशनं त्याला बुडवून वर काढलं. बुडवताना तो म्हणाला, "काका, पंक्चरची ट्यूब पाण्यात घालावीच लागते. कोरड्यात भोक दिसत नाही." बारकू नाकातोंडातून पाणी गाळत वर आला आणि म्हणाला, "जुना बारकू खाली ऱ्हायला." आणि खरंच राहिला. हे खोटं ठरावं म्हणून गावानं जिवाचं रान केलं. जैतू नावाचा त्याचा जुना पिणारा दोस्त होळीला भरलेला ग्लास घेऊन त्याच्या मागं गावभर फिरला. बारकू हसला, ग्लास होळीत ओतला आणि घरी जाऊन झोपला. हळदीला आता तो यायचा, जेवायचा, पत्रावळ उचलायचा आणि उजेड असतानाच परतायचा. पहाटे उठून पाणी भरायचा. शेळीला काठी लागली तरी तिची माफी मागायचा. गाव हळहळलं. एवढा चांगला माणूस हातचा गेला.

देवकी एकदाच त्या शेडमध्ये गेली. तिथं एक पद्धत आहे. आपण मेलेले होतो तेव्हा काय काय केलं ते उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. बारकू बोलायला पहिल्यापासून वस्ताद. हंडा सांगितला, शेळी सांगितली, कणगीमागचा दीपेश सांगितला. बायका डोळे पुसू लागल्या. आता आठवणार, तिला वाटलं.

"माझी ही बायको," बारकू कापऱ्या आवाजात म्हणाला, "लावणीच्या चिखलात बांधावर पडली, हात मोडून घेतलान, आणि मी त्या टायमाला गुत्त्यात लोळत व्हतो. एवढा मी मेलेला व्हतो."

शेजारच्या एका बाईनं देवकीचा वाकडा हात आपल्या मांडीवर घेतला आणि कुरवाळला. देवकी तो हात तसाच ठेवून बसली. बांध पुन्हा एकदा दोषी ठरला होता, आणि या वेळी देवासमोर. ती परत त्या शेडमध्ये गेली नाही. घरी सांगून टाकलं असतं तर एका क्षणात मोकळी झाली असती. पण हल्ली बारकूकडून माफी मिळवणं फार सोपं झालं होतं. शेळीलाही मिळत होती.

मग पितृपक्ष आला. थोरला भाऊ म्हणून आईच्या नावाचं पान दरवर्षी बारकू ठेवायचा, पिऊन का होईना. तिच्या आवडीचे वडे, खीर, अळूची भाजी पानात वाढून पान कौलावर ठेवायचं आणि कावळ्यांना हाका मारायच्या. गेल्या वर्षी त्यानं शेतातल्या कामाचं निमित्त करून ते टाळलं होतं. या वर्षी तो ओट्यावर हात बांधून उभा राहिला.

"आयेवर माझी माया हाय, जयरामा," तो म्हणाला. "पण मेलेल्याला भात लागत नाय. तू ठेव, मी आडवत नाय. मी नाय ठेवणार."

"आय उपाशी गेली तर?"

"ती कौलावर जेवाया येत नाय रे."

जयराम एक पाऊल पुढं आला. आई गेली तेव्हा बारकू गुत्त्यात होता आणि जयरामच्या मांडीवर तिनं जीव सोडताना 'बारकू आला का' एवढंच विचारलं होतं. ते त्यानं कोणाला कधी सांगितलं नव्हतं. त्या वेळीही सांगितलं नाही. "मेलेल्याला भात लागत नाय काय?" तो म्हणाला. "मग तुलाच घालतो आता. बघू लागतो का."

घर सोडून दुसऱ्या वाटेला गेलेल्या माणसाचा जितेपणी दहावा घालायचा, ही त्यांच्यात जुनी रीत. आजोबांच्या वेळेला कोणाचा तरी घातला होता, आणि त्याची आठवण सांगायला म्हातारी माणसं पुढं सरसावली. भटजी म्हणाले, जिवंत माणसाचं मी करणार नाही. जयराम म्हणाला, मग मी करतो. दीपेश भिवंडीच्या गोदामात कामाला. त्यानं वडील गेले म्हणून रजा मागितली, आणि मुकादमानं सांत्वनासाठी घरी फोन लावला तो नेमका बारकूनं उचलला. "हां, मीच तो," बारकूनं त्याला सांगितलं, "पण पोरगा खोटं नाय बोलला, तुमी रजा द्या." रजा काही मिळाली नाही.

स्वतः बारकू तर खूश होता. "मी दोन वरसं तेच सांगतोय जुना मेला म्हणून," तो देवकीला म्हणाला. "एकट्या जयरामाला पटलं बघ."

देवकीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तुमच्या दोघांच्यात माझ्या बांगड्या जातायत," ती म्हणाली. "त्येचं कोणाला काय हाय का?"

"आपण प्रार्थना करू गो," बारकू म्हणाला.

अशी ती नदीवर बसली होती.

भात शिजला. जयरामनं गोळा केला, केळीच्या पानावर ठेवला, दर्भ म्हणून जे काही गवत मिळालं ते खोचलं आणि सगळे मागं सरले. कावळा शिवायची वाट बघायची. कावळे भरपूर होते. पण सगळेच्या सगळे पलीकडं, करंजावर, बारकूच्या डोक्यावर बसले होते, कारण शेंगा तिकडं होत्या. बारकूशेजारी रितेशही होता. मोटारसायकलला टेकून तो अवघडून उभा होता. आपण माणूस वाचवला की घर मोडलं, याचा हिशोब त्याला लागत नसावा.

"बारकू, दीपेशचं लगीन आमी करू," एक म्हातारा पिंडाकडं बघून म्हणाला. कावळा हलला नाही.

"तुजं खाचर पडीक नाय ठेवणार." कावळा हलला नाही.

"तुज्या नावानं हळदीला ढोल वाजवू."

बारकूनं पलीकडं एक शेंग फोडली. दोन कावळे खाली उतरले, त्याच्याच पायाशी.

"अरे, शेंगा तरी ठेव बाजूला," जयराम न राहवून ओरडला. मेलेल्याशी तो पहिल्यांदाच बोलला, आणि पाचोळ्यासारखं हसू घोळक्यातून सरकलं. बारकूनं आज्ञाधारकपणे शेंगा खिशात घातल्या.

मग जैतू उठला. त्यानं कमरेची बाटली काढली, निम्मी पिंडाभोवती ओतली आणि तिथंच फतकल मारून रडू लागला. खरं रडत होता तो. "माजा दोस्त गेला," तो म्हणत होता. "आता हळदीला मी कोणाबरोबर नाचू?"

"जैतू, मी हिकडं हाय रे," बारकू पलीकडून म्हणाला.

जैतूनं डोळे पुसून त्याच्याकडं बघितलं. "तू कोण हायेस मला ठावं नाय," तो म्हणाला. "तो निराळा व्हता."

त्यावर बायकांतही मुसमुसणं सुरू झालं. कोणाला बाटलीचा नाच आठवला, कोणाला टेम्पोवरचं भाषण. सरिताचा सासरा म्हणाला, "माज्या गोधडीत झोपलेला गो तो," आणि त्यानंही डोळे पुसले. देवकी हे ऐकत होती. ज्यानं तिला रोज थोडं थोडं मारलं त्याच्यासाठी सगळं गाव रडत होतं, आणि जो तिच्यासाठी पाणी भरतो त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं.

"वयनी," जयराम म्हणाला. त्याचा आवाज नरम होता, वहिनीवर त्याचा राग नव्हता. "बांगड्या वाढवा. वाढवल्यात तर तुमी आमच्या. चूल आमची, घर आमचं, तुमाला कोण काय बोलणार नाय. नाय वाढवल्यात तर तुमी त्या काठाच्या."

त्याची बायको शकू हातात दगड घेऊन पुढं आली. तिचे डोळे खाली होते. "हात आणा, जाऊबाय," ती पुटपुटली.

देवकीनं हात पुढं केला. डावा.

शकूनं तो धरला आणि ती थांबली. रिकामं मनगट. फुगलेलं हाड.

"ह्यो नाय. दुसरा."

"का? ह्यो बघ ना," देवकी म्हणाली. "ह्यो तर कवाच रांडावलाय. सहा वरसं झाली. तेवा नाय कोण दहावा घातला."

"मी बांधावर पडली नव्हती," देवकी म्हणाली. मोठ्यानं नाही, पण पाणी फार रुंद नव्हतं. "मुसळ मारलान. मी ताट वाढायला येळ केला म्हणून. मी पडली असं मीच सांगितलं. तुमी सगळ्यांनी ऐकलंत. दाराला दार लागून घर हाय शकूचं. माजी किंकाळी आयकली नाय काय गो तू?"

शकूच्या हातातला दगड खाली पडला. "आयकली," ती म्हणाली.

कोणी वर बघेना. सरिताच्या सासऱ्यानं खोकून घेतलं. जैतूनं बाटलीचं बूच लावलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. एका बारकूलाच ठाऊक नव्हतं.

बारकू उभा राहिला होता. खिशातल्या शेंगा खाली सांडत होत्या. तो चपलांसकट पाण्यात शिरला, मांडीएवढ्या पाण्यातून अडखळत अलीकडं आला, इस्त्रीचा शर्ट भिजला. काठाच्या चिखलात तो थांबला आणि देवकीच्या हाताकडं बघत राहिला. सहा वर्षं जो चेहरा पडण्याची तिनं वाट बघितली, तो तिच्यासमोर पडला. तिला वाटलं होतं, तेव्हा काहीतरी हलकं होईल.

"मी?" तो म्हणाला.

"तुमी."

"मला आठवत नाय गो."

"मला आठवतं."

रितेश त्याच्या मागं पाण्यातून आला होता. बारकू त्याच्याकडं वळला. एवढा बोलका माणूस, पण शब्द मोजून बाहेर येत होते. "रितेश, त्या डोहात... ह्ये बी धुतलं का रे?"

रितेशनं कपाळावरचं पाणी बाहीनं पुसलं. "देवाला तेव्हाच माहीत होतं, काका," तो म्हणाला. "त्यानं ते धरूनच तुम्हाला वर काढलं. तुम्हाला आज कळलं."

"मग आता?"

"मला विचारू नका. समोर उभ्या आहेत त्यांना विचारा."

बारकू चिखलात गुडघ्यावर बसला. साक्षीतला आवाज त्याच्या गळ्यात आला नाही. जो आला तो घोगरा, लहान होता. "देवके, मला माफ कर."

देवकीनं त्याच्याकडं बघितलं. शेळीला मिळणारी माफी ही नव्हती, हे तिला दिसत होतं. माणूस खरा होता. तेच अवघड होतं. खोटा असता तर पाठ फिरवून जाता आलं असतं.

"तुमच्या देवानं माफ केलं, बरं केलं," ती म्हणाली. "तो देव हाय. त्याचा हात न्हवता ह्यो. तुमचं एका बुचकळीत झालं. तुमी नवे झालात, ह्ये मी बघत्ये, मी आंधळी नाय. पण मी जुनीच ऱ्हायली. मला कोण बुडवलं नाय, कोण वर काढलं नाय. माजं एका बुचकळीत नाय व्हायचं."

"कवा व्हईल?"

"मला काय ठावं. व्हईल का त्ये बी ठावं नाय."

मग ती जयरामकडं वळली. "आणि भावोजी, ह्या बांगड्या मी म्हसाच्या जत्रेत माज्या मजुरीच्या पैशानं भरल्यात. त्या ह्याच्या नावाच्या नाय आणि तुमच्या चुलीच्या बी नाय. मी फोडली तर फोडीन." आणि ती उठून, पातळ झटकून, गावाच्या वाटेला लागली.

ती दहा पावलं गेली नसेल तोच मागून आरडाओरडा झाला. सगळे भानावर येऊन बघतात तर केळीचं पान रिकामं. पिंड नव्हता. कोणी म्हणालं कावळा शिवला, कोणी म्हणालं सरिताच्या कुत्र्याचं तोंड पांढरं दिसतंय. कुत्रं दारूच्या वासानं झिंगल्यासारखं चालत होतं, पण ते एरवीही तसंच चालायचं. जुना बारकू गेला की नाही, हा वाद गावात अजून मिटलेला नाही.

जयरामच्या मते तो गेला. तो अजून भावाशी थेट बोलत नाही. मधल्या भिंतीला तोंड करून म्हणतो, "त्या मेलेल्याला सांगा, पाटाचं पाणी सोडलंय." बारकू भिंतीला म्हणतो, "बरं." शकू मात्र आता रोज देवकीचा एक हंडा भरून आणते.

शेडमध्ये बारकू अजून साक्ष देतो, पण ती आता लहान झाली आहे. हंडा, शेळी सांगून झाल्यावर तो म्हणतो, "आणि बायकोचा हात मी मोडला. मला आठवत नाय, तिला आठवतं," आणि खाली बसतो. आता कोणी रडत नाही. रितेश घाईनं गाणं सुरू करतो.

कापणी आली. भारे आवळून बांधायला दोन धड हात लागतात. देवकी कापते, बारकू मागून बांधत येतो. कोपरात मूठ दाबून ती किती वाकते हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. सपाट केलेला बांध, जिथं इतकी वर्षं नुसते दगड लावून भागवलं होतं, तो त्यानं पुन्हा घातला, माती थापून थापून. बांधाशी तो काही बोलला नाही.

कापणीच्या पहिल्याच सकाळी आणखी एक गोष्ट त्याला दिसली. आढ्याला खोचलेला विळा काढायला त्यानं हात वर केला, आणि चुलीपुढं बसलेल्या देवकीचं डोकं खाली गेलं, डावा हात कानाजवळ आला. भाकरी थापता थापता, तव्यावरची नजर न काढता. तिला कळलंही नव्हतं. दोन वर्षं तो दारूला शिवलेला नाही, दोन वर्षं त्यानं तिला बोट लावलेलं नाही, आणि दोन वर्षं ही बाई रोज अशी वाकत असणार. जुना बारकू डोहात मेला, नदीवर त्याचा दहावा झाला. तिच्या खांद्यात तो अजून जिवंत होता.

बारकूचा हात हवेतच राहिला. मग त्यानं तो हळूच खाली घेतला.

तेव्हापासून तो घरात हात वर करण्याआधी सांगतो. "देवके, विळा काढतोय." "देवके, फळीवरची काड्यापेटी घेतोय." "देवके, दोरीवर टॉवेल टाकतोय." शेजारीपाजारी ऐकू जातं. गावाला नवीन करमणूक झाली आहे. हात वर करायला बायकोची परवानगी मागणारा माणूस म्हणून जैतू त्याची नक्कल करतो, आणि ती नक्कल हळदीला चांगली चालते.

बारकूला ते माहीत आहे. तो तरीही सांगतो.

"देवके, विळा काढतोय गो."

"काढा," देवकी म्हणते. त्याच्याकडं न बघता, भाकरी उलटत. आणि तिचा खांदा तरीही वर येतोच.